आधुनिक युद्धनौकांना जाड चिलखत का नसते?

जलरेषा :
दुसऱ्या महायुद्धातील नौकांविषयी वाचताना एक प्रश्न मला सतत सतावतो. जपानच्या 'यामातो' या बॅटलशिपच्या (प्रचंड तोफांच्या, सर्वांत मोठ्या युद्धनौकेच्या) बाजूंना ४१० मिलिमीटर जाडीचे पोलादी चिलखत होते. अमेरिकेच्या 'आयोवा' वर्गातील बॅटलशिपचा चिलखती पट्टाही सुमारे ३०७ मिलिमीटर जाडीचा होता. आजच्या विनाशिका आणि फ्रिगेट यांना असा पट्टाच नसतो. १९८२ मध्ये ब्रिटनची 'शेफील्ड' एकाच एक्झोसेट क्षेपणास्त्राच्या आघाताने गेली आणि २०२२ मध्ये रशियाची 'मोस्कवा' ही मोठी क्रूझरही क्षेपणास्त्रांनीच बुडवली. इंजिने पूर्वीपेक्षा ताकदवान झाली असताना चिलखत सोडून देण्यामागे केवळ खर्च हे कारण आहे, की त्याचा उपयोगच उरला नाही? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

सुकाणू :
बॅटलशिपचे चिलखत एका विशिष्ट धोक्यासाठी आखलेले होते. समोरच्या तशाच नौकेने डागलेला तोफगोळा बाजूने किंवा वरून तिरका येऊन आदळला, तर तो दारूकोठारापर्यंत आणि इंजिनांपर्यंत पोहोचू नये, एवढाच त्याचा हेतू असे. त्यामुळे जाड पोलाद नौकेच्या मधल्या भागात एकवटलेले असे. नाळ (नौकेचे पुढचे टोक), मागची बाजू, सुकाणू आणि तळ हे भाग तुलनेने उघडेच राहत. मे १९४१ मध्ये जर्मनीची 'बिस्मार्क' ही बॅटलशिप ब्रिटिशांच्या तावडीत सापडली ती तिचे चिलखत फुटल्यामुळे नव्हे. कापडी पंखांच्या एका जुनाट स्वोर्डफिश विमानाने सोडलेल्या टॉर्पेडोने तिचे सुकाणू अडकवले आणि ती गोल फिरत राहिली. २७ मेच्या अखेरच्या लढतीत तिच्या तोफांचे नेम धरणारी यंत्रणा सुरुवातीलाच निकामी झाली. त्यानंतर तिचा सांगाडा कितीतरी वेळ मारा सोसत तरंगत होता, पण लढाऊ नौका म्हणून ती केव्हाच संपली होती.

माझ्या मते उत्तराचा गाभा इथेच आहे. आजच्या नौकेचे सारे बळ रडार, अँटेना, संगणक आणि क्षेपणास्त्रांच्या उभ्या नळ्या यांत आहे. रडारला पोलादाच्या भिंतीमागे ठेवले तर त्याला काहीच दिसणार नाही. अशा नौकेला कितीही जाड पट्टा घातला, तरी एका आघातात ती आंधळी होऊ शकते आणि आंधळी नौका पुढच्या क्षेपणास्त्रासाठी सोपे सावज ठरते. शिवाय जड पोलाद जितके उंचावर चढवावे तितका नौकेचा तोल बिघडतो.

हल्ल्याची बाजूही बदलली. 'यामातो'च्या चिलखतभेदी गोळ्याचे वजन १,४६० किलो होते, पण त्यातली स्फोटक दारू जेमतेम ३४ किलो. उरलेले सारे पोलाद चिलखत भेदण्यासाठीच होते. त्याउलट सोव्हिएत स्टिक्स क्षेपणास्त्राचे स्फोटाग्रच (टोकाकडचा स्फोटक भाग) सुमारे ४५० किलोचे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या छोट्या कोमार क्षेपणास्त्र नौकांनी अशाच क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. चार वर्षांनी, ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारताच्या 'निर्घात' या क्षेपणास्त्र नौकेने कराचीच्या समुद्रात पाकिस्तानची 'खैबर' विनाशिका तशीच बुडवली. बॅटलशिपच्या जाडीचे पोलाद कदाचित असे क्षेपणास्त्र सोसेलही, परंतु मग शत्रू नौकेखाली फुटणारा टॉर्पेडो वापरेल, आणि तिथे बाजूच्या पट्ट्याचा काहीच उपयोग नाही.

दर्यावर्दी :
वरील विवेचन पटते, मात्र दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात. पहिली 'शेफील्ड'विषयी. तिचा वरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे ती जळाली, असे अजूनही अनेक ठिकाणी लिहिले जाते. ते खरे नाही, तो पोलादीच होता. आघातात आग विझवण्याच्या पाण्याची मुख्य नळवाहिनी फुटली आणि आग आटोक्यात आणणे अशक्य झाले. अ‍ॅल्युमिनियमचा धोका खरा ठरला तो १९७५ मध्ये, जेव्हा अमेरिकेची 'बेलनॅप' क्रूझर 'जॉन एफ. केनेडी' या विमानवाहू नौकेवर आदळली आणि आगीत तिचा वरचा भाग वितळून कोसळला. पुढे 'आर्ली बर्क' वर्गाच्या विनाशिकांचा वरचा भाग पुन्हा पोलादी केला गेला आणि मोक्याच्या कक्षांभोवती केव्हलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचे आवरण आले. थोडक्यात, चिलखत पूर्णपणे गेलेले नाही. ते गोळ्याऐवजी स्फोटातून उडणाऱ्या तुकड्यांना अडवण्यापुरते उरले आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मार बसल्यानंतर नौका वाचवते ती खलाशांची तालीम. १४ एप्रिल १९८८ रोजी पर्शियन आखातात अमेरिकेची 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही फ्रिगेट इराणी सुरुंगावर गेली. तळाला प्रचंड भगदाड पडले, कणा मोडला, इंजिनघर पाण्याने भरले आणि वरच्या बांधणीला तडे गेले. खलाशांनी पोलादी दोर आणून तडकलेले भाग एकमेकांना आवळून बांधले, फुटलेल्या आडव्या भिंतींना टेकू दिले आणि आगीशी झुंजत नौका तरंगती ठेवली. एकही माणूस दगावला नाही. तिला चिलखती पट्टा नव्हताच. याच्या उलट अर्जेंटिनाच्या 'जनरल बेलग्रानो' या जुन्या क्रूझरला उत्तम चिलखत होते; २ मे १९८२ रोजी ब्रिटनच्या 'कॉन्करर' पाणबुडीचे दोन टॉर्पेडो नेमके पट्ट्याच्या हद्दीबाहेर, एक नाळेजवळ आणि एक मागे, लागले आणि ३२३ जण प्राणाला मुकले.

जलरेषा :
दोघांचेही मनापासून आभार. मात्र एक शंका उरतेच. चिलखत इतके निरुपयोगी ठरले असेल, तर अमेरिकेने 'आयोवा' वर्गाच्या नौका १९८० च्या दशकात पुन्हा सेवेत का आणल्या?

सुकाणू :
त्या आयत्या उपलब्ध होत्या, किनाऱ्यावर मारा करण्यासाठी त्यांच्या १६ इंची तोफांना पर्याय नव्हता आणि प्रत्येकीवर ३२ टॉमहॉक क्षेपणास्त्रे बसवता आली, म्हणून आणल्या, चिलखतासाठी नव्हे. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांपैकीच 'मिसूरी' आखाती युद्धात कुवेतच्या किनाऱ्यावर मारा करत असताना इराकने तिच्या दिशेने सिल्कवर्म क्षेपणास्त्र सोडले. ते हवेतच पाडले ब्रिटनच्या 'ग्लॉस्टर' विनाशिकेने, आणि ती 'शेफील्ड'च्याच वर्गातील, चिलखत नसलेली नौका होती. 'मिसूरी' चालवायला दीड हजारांहून अधिक माणसे लागत, तर 'आर्ली बर्क' विनाशिकेला सुमारे तीनशे पुरतात. मार्च १९९२ मध्ये 'मिसूरी' निवृत्त झाली आणि त्यानंतर कोणत्याही देशाच्या ताफ्यात बॅटलशिप उरली नाही.