मदत हवी आहे: आबांना या उन्हात कसं जपायचं?

नमस्कार मंडळी, रावेर तालुक्यातून लिहितोय. आमचे आबा ६८ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे, तीही लघवी जास्त होणारी, आणि इकडे पारा ४५ च्या वर गेला तरी केळीच्या बागेत चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परवा दुपारी एकला घरी आले, ओट्यावर बसले, हातात तांब्या दिला तर हात थरथरत होता, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं आणि "मोटर बंद केली का" हे तीनदा विचारलं. मी घाबरलोच. ओल्या पंचाने मान, काखा पुसल्या, पंखा लावला तेव्हा कुठे नीट बोलायला लागले. असं बरळणं म्हणजे उष्माघाताची खूण, लगेच १०८ ला फोन करायला हवा होता हे मला नंतर कळलं.

आता विचारायचंय ते असं की घर पत्र्याचं आहे, कूलर लावतो पण धूळ येते म्हणून आई खिडक्या बंद ठेवते, तासाभरात सगळं चिकचिक होतं, अंगावरचा घाम सुकतच नाही. खिडकी उघडी ठेवून कोणाला फरक पडलाय का? पत्र्यावर चुना मारला तर किती उतरतं?

दुसरं, लिटरभर पाण्यात ६ चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ हे बीपीवाल्याला चालतं का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण आबा दवाखान्यात यायलाच तयार नाहीत, म्हणे ऊन काय आज पाहतोय का. तुमच्या घरी असं हट्टी माणूस असेल तर त्याला कसं तयार केलं, तेवढं सांगा ना भाऊ.