हॅना मोंटाना, थ्रीडी चष्मे आणि घरभर गुलाबी पसारा : तुमचे अनुभव

शेवंती
काल लेकीचा फोन आला. ऑफिसात सगळ्यांनी लहानपणच्या काळातले कपडे घालून यायचंय. "आई, माझं हॅनाचं जॅकेट ठेवलंयस ना?" ठेवलंय. ते काढायला गेले तर त्याच खोक्यातून उशीचा अभ्रा, जेवणाचा डबा, गाणारी बाहुली, सोनेरी विग आणि तळाशी थ्रीडी चष्मा निघाला. कुकर लावायचा राहिला तो राहिलाच.

ज्यांच्या मुली तेव्हा सहा ते बारा वर्षांच्या होत्या त्यांना वेगळं सांगायला नको. 'हॅना मोंटाना' ही डिझ्नीची मालिका अमेरिकेत २००६ च्या मार्चमध्ये सुरू झाली. शाळेत जाणारी साधी मायली, विग घातला की स्टेजवरची हॅना. तिचं काम करणारी मायली सायरस स्वतः तेव्हा तेरा वर्षांची. २००७ च्या ऑक्टोबरात सेंट लुइसपासून तिच्या गाण्यांच्या कार्यक्रमांचा दौरा सुरू झाला. आमच्या भागातल्या कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी मी आणि नवरा दोन कॉम्प्युटर घेऊन बसलो होतो. वेळ झाली, बटण दाबलं, पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि मग आलं, 'संपली'. छापील किंमत २५ ते ६५ डॉलरच्या घरात. तीच तिकिटं लगेच कितीतरी पट भावाने दुसरीकडे विकायला. लेक जिन्यात बसून रडली.

मग १ फेब्रुवारी २००८ ला त्याच कार्यक्रमाची थ्रीडी फिल्म आली, एकच आठवडा म्हणून. पंधरा डॉलरपर्यंत तिकीट, नेहमीपेक्षा बरंच महाग, पण मिळालं! आम्ही न्यू जर्सीत, शनिवारी सकाळचा खेळ. सासूबाई भारतातून आलेल्या, त्यांनाही नेलं. त्यांनी आपल्या चष्म्यावर तो दुसरा चष्मा चढवला. गिटारचं टोक पडद्यातून पुढे आलं तशा त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि माझा दंड घट्ट धरला. खुर्चीत एकही मुलगी नाही, सगळ्या पायऱ्यांवर नाचतायत. सासूबाई म्हणाल्या, "कुणी रागवत नाही ना यांना? मग नाचू देत."

घरी आल्यावर विगचा गुंता सोडवायला बसल्या. खोबरेल लावून, दोन पायांत विग धरून, फणीने. नायलॉनचे केस ते, तेल पितात थोडेच! भांडी घासायच्या साबणाने धुतला तरी तेल गेलं नाही. काल हातात घेतला तर वास तसाच होता. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली.

तुमच्याकडे काय काय आलं होतं? काय उरलंय? लिहा.

रानजाई
अगं शेवंती, विगवर खोबरेल वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे आईने बाहुलीची वेणी घातली होती, रिबिनीसकट. लेकीला आधी राग आला, मग तिने सगळ्या बाहुल्या आणून दिल्या.

डबा, पाण्याची बाटली, चादर, घड्याळ, स्लीपर्स, गिटार, मायक्रोफोन. आठवेल तसं लिहितेय, पोळ्या चालू आहेत.

टेकडीवाला
त्या वीकेंडची गंमत सांगतो. तो सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा वीकेंड होता. त्या शुक्रवार ते रविवारी लोक मॅचच्या तयारीत असतात, म्हणून मोठे सिनेमे सहसा लावत नाहीत. ही फिल्म फक्त ६८३ थिएटरांत लागली आणि तीन दिवसांत तीन कोटी अकरा लाख डॉलर! पहिला नंबर. आठवड्याचा बेत मग वाढवावा लागला.

इतकीच थिएटरं का, तर थ्रीडी दाखवायला डिजिटल प्रोजेक्टर लागायचा आणि तो तेव्हा थोड्याच ठिकाणी होता. एकाच प्रोजेक्टरमधून डाव्या डोळ्याचं आणि उजव्या डोळ्याचं चित्र आलटून पालटून, इतक्या वेगाने की आपल्याला दोन्ही एकदम दिसतात. प्रकाशाला पीळ दिलेला असतो, डावीकडे एक, उजवीकडे उलटा. चष्म्याची काच आपला तेवढा आत सोडते. साध्या पांढऱ्या पडद्यावर तो पीळ मोडतो, म्हणून पडदा चंदेरी. लहानपणी 'छोटा चेतन' पाहिला होता, तेव्हापासून मला याचं वेड. मुलगी हॅनाकडे बघत होती, मी चष्मा वर-खाली करून पडद्याकडे.

मीठभाकर
टेकडीवाला, 'छोटा चेतन'! आइस्क्रीमचा कोन अंगावर यायचा तोच ना? आम्ही हात पुढे केले होते सगळ्यांनी.

खारीबिस्कीट
मी आई नाही, मी 'ती मुलगी'. तेव्हा आठ वर्षांची, ओहायोत. वर्गात भारतीय मी एकटी.

सगळ्यांना वाटतं आम्हाला कपडे आणि गाणी आवडायची. आवडायचीच. पण मला ती मालिका पोटातून आवडायची, कारण हॅनाची गोष्ट माझी होती. शाळेत माझं नाव वेगळ्या तऱ्हेने घ्यायचे, मी त्याला ओ द्यायचे, डब्यात सँडविच मागून घ्यायचे. घरी आल्यावर वरणभात, श्लोक, आजीशी फोन. शाळेतल्या कुणाला घरची मी माहीत नव्हते आणि घरच्यांना शाळेतली. हॅनाचं गुपित तिच्या दोन जिवलग मित्रांना माहीत असतं ना, लिली आणि ऑलिव्हरला? मला एक लिली हवी होती.

थिएटरात मी विग घालून गेले होते. गाणं चालू असताना शेजारच्या अनोळखी मुलीने माझा हात धरून उड्या मारायला सुरुवात केली. तिने नावही विचारलं नाही. मला ती आजही आठवते.

शेवंती
खारीबिस्कीट, जवळ ये बाई, एक मिठी. माझी लेकही सँडविचच मागायची. आज तिला विचारते या गोष्टीबद्दल.

चांदणी
+१ खारीबिस्कीट. माझा मुलगाही बघायचा, दार लावून. मुलगा असून हॅना बघतो म्हणून शाळेत चिडवतील ही भीती. त्याच्या बहिणीने कधी कुणाला सांगितलं नाही. भावंडांमध्ये असं एखादं गुपित हवंच.

उंबरठा
आम्ही तेव्हा एका पगारावर, व्हिसा नवीन, दोन मुली. दुकानात गेलं की गुलाबी-जांभळी अख्खी भिंत. दहा डॉलर म्हणजे चारशे रुपये हा हिशोब डोक्यातून जात नव्हता तेव्हाची गोष्ट. नवऱ्याने सरळ सांगितलं, एकीला एक वस्तू, तीही वाढदिवसाला. मला ते पटलं होतं आणि आजही पटतं.

हॅलोविनला मात्र दोघींना हॅनाच व्हायचं होतं. मी डोंबिवलीला आईला फोन केला, फोटो पाठवला. आईने भुलेश्वरहून चंदेरी टिकल्यांचं कापड आणलं आणि घरच्या मशीनवर दोन जॅकेटं शिवली. टिकल्यांवर सुई मोडते, म्हणून शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या आधी एकेक कातरून काढल्या. आत सुती अस्तर, "पोरींना टोचेल" म्हणून. काखेत जास्तीची माया सोडलेली, पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावी म्हणून. ओळखीचं एक कुटुंब येत होतं, त्यांच्या बॅगेतून आली.

फेब्रुवारीत फिल्मला त्या दोघी तीच घालून गेल्या. रांगेतल्या बायका विचारत होत्या, कुठल्या दुकानातून घेतली? मुलींनी सांगितलं, "आजीने शिवली." मला जो काही अभिमान वाटला तो सांगता येत नाही.

रानजाई
उंबरठा, काय सुरेख लिहिलंयस! पोळी करपली माझी.

काखेत माया सोडणारी पिढीच वेगळी. माझी आई शाळेच्या युनिफॉर्मला तीन बोटं दुमड घालायची. दरवर्षी एक रेघ उतरायची, मग खालचा गडद पट्टा दिसायचा.

वाळूचाकिल्ला
इथे नाशिक. आम्हाला हॅना हिंदीतून भेटली, डिझ्नी चॅनलवर डब केलेली. गाणी मात्र इंग्रजीच, तिथे आम्ही तोंडाला येईल ते म्हणायचो. फिल्म वगैरे आमच्यापर्यंत पोचलीच नाही. कंपासपेटी पोचली! मेनरोडवरून घेतलेली, झाकणावर हॅना, आत आरसा. दप्तरावर एका बाजूला हॅना आणि दुसऱ्या बाजूला बेन टेन, भावाबरोबर वाटून वापरायला बरं. वह्यांचे स्टिकर कपाटावर लावले म्हणून मार खाल्ला. ते स्टिकर अजून आहेत, आई आता काढू देत नाही.

टेकडीवाला
फिल्ममध्ये बापांची शर्यत आहे ती कुणाला आठवते का? तिकिटं मिळवायला उंच टाचांचे बूट घालून धावणारे बाप. थिएटरात सगळे हसत होते. मलाही हसू आलं आणि घशात आवंढाही. मुलीला तिकीट मिळणार असेल तर मीही धावलो असतो.

पानसुपारी
बाकी सगळं गोड आहे, पण त्या तिकिटांचा राग माझा अजून गेला नाही. फॅनक्लबचं सभासदत्व घ्या, तिकिटं आधी मिळतील, म्हणून हजारो आईबापांनी जवळजवळ तीस डॉलर भरले. तिकिटं मिळाली नाहीत तेव्हा त्यांनी कोर्टात दावा लावला. मिझुरीच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तिकिटं चढ्या भावाने विकणाऱ्या कंपन्यांवर खटले भरले. गाण्याच्या कार्यक्रमासाठी सरकारी वकील! टेक्सासमध्ये तर एका छोट्या मुलीच्या नावाने निबंध स्पर्धेला पाठवलेल्या निबंधात, बाबा इराकच्या युद्धात मारले गेले असं खोटं लिहिलं होतं. ते उघडकीला आलं, तिकिटांचं बक्षीस गेलं. त्या मुलीचं मला फार वाईट वाटलं होतं. सहा वर्षांची होती.

लहान मुलांच्या रडण्यावर धंदा करणाऱ्यांना माफी नसावी.

चांदणी
पानसुपारी, शंभर टक्के. आणि स्वस्तातले दागिनेही आठवा. २०१० मध्ये मायलीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही दागिन्यांत कॅडमियम हा विषारी धातू सापडल्याची बातमी आली होती, ते दुकानांतून काढून घेतले. मी त्या रात्री लेकीचा ड्रॉवर उपसून चमकणारं होतं नव्हतं ते सगळं काढलं. लहान मुलं तोंडात घालतात हो अशा साखळ्या.

मीठभाकर
आमच्याकडे तीन वर्षांनी जस्टिन बीबर हा पोरसवदा गायक अवतरला. भाचीच्या केसांवर, भिंतीवर, जिभेवर. त्याची फिल्म ११ फेब्रुवारी २०११ ला आली, व्हॅलेंटाइनच्या तोंडावर बरोबर. मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा कार्यक्रम, ज्याची तिकिटं २२ मिनिटांत संपली होती. जांभळा थ्रीडी चष्मा भाची रात्री उशाशी घेऊन झोपायची.

पण मी त्या टूथब्रशला दुवा देतो. बीबर गाणारा ब्रश! बटण दाबलं की गाणं, दोन मिनिटं, म्हणजे दाताचे डॉक्टर सांगतात तेवढा वेळ. दात घासायला जी मुलगी घरभर पळायची ती दिवसातून तीनदा घासायला लागली. वहिनी म्हणाली, "याला जावई करून घ्यायला हरकत नाही."

रानजाई
हाहा, वहिनीला नमस्कार सांगा!

वाळूचाकिल्ला
बीबर म्हणजे १० मे २०१७ चा कार्यक्रम, डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरुळ. मी गेले होते! मे महिन्यातलं नवी मुंबईचं ऊन, दुपारपासून रांगेत. ओठ हलवतो, गात नाही, अशी दुसऱ्या दिवशी खूप टीका झाली. मला काही फरक पडला नाही. नाशिकची आम्ही पोरं, आमच्या आवडीचं कुणी आमच्या इतकं जवळ येतं हेच पहिल्यांदा बघत होतो. पहाटे घरी पोचलो, बाबा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे. "गायला का?" एवढंच विचारलं.

उंबरठा
बाबांची स्कूटर. बास.

निंबोणी
सॉरी, मध्येच विचारते. लेक बीटीएसवाली आहे, म्हणजे त्या कोरियन गाणाऱ्या मुलांच्या बँडची चाहती. २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांची फिल्म पुण्यात लागली तेव्हा सगळ्या मुली लाइटस्टिक, म्हणजे हातातले चमकते दिवे, घेऊन आल्या होत्या, अख्खं थिएटर जांभळं. आता तिला फोटोकार्ड, म्हणजे त्या गायकांच्या फोटोंची छोटी कार्डं, ठेवायची वही हवी आहे. तिच्याकडे एकाच गायकाची सात कार्डं आहेत आणि ती सातही वेगळी आहेत म्हणे. घेऊ द्यावी का? बारावीचं वर्ष आहे.

खारीबिस्कीट
निंबोणीताई, वही घेऊन द्या. पैशापेक्षा वेळ ठरवून द्या. बारावीतल्या मुलीला रात्री दहाला कार्डं लावत बसायला मिळालं तर ती दहापर्यंत अभ्यास करेल. आणि तिच्याबरोबर बसून एकदा ती सात वेगळी कशी ते ऐका. माझ्या आईने मला कधी हॅनाचं गुपित विचारलं असतं तर मी तिला शाळेतलं सगळं सांगून टाकलं असतं.

निंबोणी
आज रात्रीच बसते. थँक यू गं.

शेवंती
लेकीशी बोलले. खारीबिस्कीटचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तिकडून बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तिचा नंबर आहे का?" खारीबिस्कीट, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.

आणि उंबरठा, जॅकेट तिला आता खांद्यात होत नाही. तसं टिकल्यांचं कापड भुलेश्वरला अजून मीटरवर मिळतं का?

उंबरठा
मिळतं. लेसवाल्यांच्या गल्लीत विचार. घरून मोजमाप घेऊन जा आणि अर्धा मीटर जास्त घे. सुई जाड लागते, सोळा नंबर.

टेकडीवाला
कुणाकडे तो चष्मा जादा असेल तर मला द्या ना. लेन्स अजून काम करते का बघायचंय.