फ्लोराईडवाला फ्लॉस घेऊन खरंच काही फरक पडतो का?

निशाचर
परवा दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, एक्सरेत दोन दाढांच्या मधल्या फटीत बारीक काळपट छटा दिसली. म्हणाले कीड अजून इनॅमलमधेच (दाताच्या वरच्या कडक थरात) आहे, लगेच ड्रिल नको, सहा महिन्यांनी बघू, तोवर रोज फ्लॉस करा, म्हणजे दातांच्या फटीत दोरा फिरवा. आता घ्यायला गेले तर साधा, मेणाचा आणि वर फ्लोराईडवाला पण. हे फ्लोराईड खरंच दाताला लागतं का नुसतं पाकिटावर लिहायला? आणि ब्रशच्या आधी करायचा का नंतर? घरात यावरून दोन तट पडलेत 😅

दाढदुखी
घेतलास तर वाईट काही नाही, पण त्याच्यावर विसंबू नकोस. दोरा एका फटीत असतो किती वेळ, पाच-दहा सेकंद. लॅबमधे फ्लोराईड दोऱ्यातून सुटून इनॅमलला लागतं हे दिसलंय, पण त्याने माणसांची कीड कमी होते असं छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाहीये. खरा खुराक पेस्टमधून मिळतो, मोठ्यांच्या पेस्टमधे १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं, ट्यूबवर लिहिलेलं असतं बघ.
होतं काय, दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात, पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट निघायला लागतं, मग लाळ ते परत भरते आणि तेव्हा तिथे फ्लोराईड असेल तर भरलेला भाग आधीपेक्षा चिवट होतो. पण फटीत थर तसाच बसला असेल तर लाळही नीट पोचत नाही आणि पेस्टही नाही. म्हणून दोऱ्याचं मुख्य काम खरवडायचं, फ्लोराईड हा बोनस समज. आणि खड्डा पडला की मग हे काही चालत नाही, इनॅमल परत उगवत नाही.

उशिरा_आलेला
क्रमाचं सांगतो, आधी फ्लॉस मग ब्रश. २०१८ मधे २५ जणांवर केलेला एक अभ्यास आहे, त्यात या क्रमाने दातांच्या मधे फ्लोराईड जास्त उरलं होतं. छोटाच अभ्यास, पण पटण्यासारखं आहे, फट मोकळी तर पेस्ट आत जाणार ना. आणि ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरू नको, नुसतं थुंक! मी वर्षानुवर्षं पेला पेला पाण्याने सगळं धुऊन टाकत होतो.

निशाचर
बापरे चूळ न भरता? कसंतरीच वाटेल. बरं काल साधाच वापरून बघितला तर रक्त आलं आणि एकाच फटीत दोरा पिंजून निघतोय.

दाढदुखी
रक्त बहुतेक सुजलेल्या हिरडीचं, रोज केलंस तर आठ-दहा दिवसांत थांबतं, दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर दाखव. पिंजतो ते मात्र डॉक्टरांना नक्की सांग, तिथे जुन्या फिलिंगची कड वर आलेली असू शकते नाहीतर कीड, दर वेळी तीच फट असेल तर दोऱ्याचा दोष नाही. हातभर तुकडा घे, कचकन खाली दाबू नकोस, करवतीसारखा हलकेच आत घाल, दाताला इंग्रजी सी सारखा कवटाळ आणि वरखाली कर, मग त्याच फटीतला शेजारचा दात. बहुतेक लोक एकच बाजू घासून दोरा बाहेर ओढतात.

उशिरा_आलेला
मागच्या दाढेतून काढलेला दोरा एकदा हुंगून बघ, परत कधी फ्लॉस चुकवणार नाहीस 🤢