गेटसमोरचं बंदुकीचं दुकान : आमच्या सोसायटी ग्रुपवरचा एक आठवडा

(टेक्सासमधल्या आमच्या सबडिव्हिजनचा हा मराठी ग्रुप. एचओएला इथे सगळे सोसायटीच म्हणतात. माझ्या फोनमध्ये माणसं जशी सेव्ह आहेत, तशीच इथे ठेवली आहेत.)

शुक्रवार

नाईट शिफ्ट वहिनी: गेटसमोर डेंटिस्टच्या शेजारी ते नवीन गन शॉप उघडलंय ना, तिथे कोणी जाऊन आलंय का? खरंच विचारतेय, चेष्टा नको. हॉस्पिटलमधून पहाटे साडेतीनला निघते, पार्किंगपर्यंत जीव मुठीत धरून चालत जाते.

क्रिकेट भाऊ: मी गेलो होतो मंगळवारी. हात हलवत परत आलो.

झुंबा ताई: का रे? रेकॉर्ड खराब निघालं का?

क्रिकेट भाऊ: रेकॉर्ड कसलं! ड्रायव्हिंग लायसन्सवर अजून जुन्या अपार्टमेंटचा पत्ता. बंदूक घेताना भरायच्या फॉर्म ४४७३ वर आत्ता राहतो तो पत्ता लिहायचा आणि सरकारी कागदावर तोच हवा. काउंटरवरचा म्हणाला, गाडीचं रजिस्ट्रेशन नव्या पत्त्यावर असेल तर लायसन्सबरोबर तेही चालेल. तेही जुन्याच पत्त्यावर! माणूस चांगला होता पण. उगाच ‘बघू, करू’ केलं नाही. अर्ध्या तासाने नाही म्हणण्यापेक्षा पहिल्या मिनिटाला नाही म्हणाला.

१४ नंबर काका: बरोबर केलं त्याने. त्याचं बंदुका विकायचं फेडरल लायसन्स जाईल ना चुकीचा फॉर्म भरून घेतला तर. वहिनी, तू पण आधी लायसन्सवरचा पत्ता बघून घे.

झुंबा ताई: माझा अनुभव सांगू का? मी आणि हे गेलो होतो उद्घाटनाच्या आठवड्यात. प्रश्न मी विचारतेय आणि तो उत्तरं ह्यांना देतोय. ह्यांना तर त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे नुसते मान हलवतायत. मग त्याने काचेखालून एक गुलाबी दस्त्याचं छोटंसं रिव्हॉल्व्हर काढलं. म्हणे, लेडीजना हेच आवडतं, हलकं असतं, पर्समध्ये मावतं.

१४ नंबर काका: हे मात्र चूक. हलकी बंदूक म्हणजे जास्त धक्का. गोळी तीच, पण धक्का खायला वजनच नाही, मग सगळा हाताला बसतो. नवशिक्याने तसलं चालवलं की दुसऱ्या गोळीला डोळे आपोआप मिटतात. शिकायला मध्यम आकाराचं, वजनदार नाईन एमएम पिस्तूल बरं.

झुंबा ताई: तेच मला तिथल्या दुसऱ्या बाईने सांगितलं. साठीची असेल, शनिवारी सकाळी असते ती. तिने आधी बंदुकीतून गोळ्यांचं मॅगझीन काढलं, वरची स्लाइड मागे ओढून अडकवली, आत बोट घालून बघितलं, मला बघायला लावलं आणि मग हातात दिली. आणि मी लगेच चापावर बोट ठेवलं! तिने नुसतं माझ्या बोटाकडे बघितलं. बोलली काहीच नाही. अशी लाज वाटली! वहिनी, गेलीस तर तिलाच गाठ.

जुळ्यांची आई: एक विचारू का, शाळेच्या बसथांब्यासमोर असलं दुकान कसं काय चालतं?

ॲडमिन: तो विषय मागच्या मीटिंगमध्ये झालाय. दुकान आपल्या हद्दीबाहेर आहे, जागा कमर्शियल झोनमध्ये आहे. एचओए काही करू शकत नाही. कृपया विषयावर राहा.

जुळ्यांची आई: मी विषयावरच आहे.

१४ नंबर काका: आमच्या गावी आजोबांकडे बारा बोअरची डबलबारी होती, रानडुकरांसाठी. लायसन्स कलेक्टर कचेरीतून, दर नूतनीकरणाला खेटे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आजोबा पावती देव्हाऱ्यात ठेवायचे. आणि इथे माणूस दुपारी जातो न् दूध आणायच्या आधी बंदूक घेऊन येतो. पंचवीस वर्षं झाली, मला अजून सवय झालेली नाही. स्वतःकडे दोन असूनही.

शनिवार

कोपऱ्यावरचा दादा: (फोटो)
दुकानाच्या मागे नेमबाजीची रेंज पण आहे लोकहो! मस्त एसी, सहा लेन. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल चालवलं. ७१व्या वर्षी!! भाड्याने घेतली, त्यांची स्वतःची गन लागत नाही.

क्रिकेट भाऊ: वा काका! पोझ तर बघा.

झुंबा ताई: काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला असेल.

कोपऱ्यावरचा दादा: आई बाहेरच बसली. मी चालवली तेव्हा तापलेली रिकामी पुंगळी उडून थेट शर्टाच्या गळ्यात गेली. नाचलो अक्षरशः. रेंजवाला ओरडतोय, नळी पुढे ठेव, नळी पुढे ठेव! छातीवर अजून रुपयाएवढा डाग आहे. गळाबंद टीशर्ट घालून जा सगळ्यांनी.

१४ नंबर काका: दादा, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढ. आणि मला फोन कर.

कोपऱ्यावरचा दादा: का काका? काय झालं?

१४ नंबर काका: फोन कर म्हटलं ना.

(हा संदेश हटवला)

१४ नंबर काका: फोनवर बोललो त्याच्याशी. पण सगळ्यांनाच कळलेलं बरं, म्हणून लिहितो. आपल्या ग्रुपवर निम्मे लोक एच-वन-बी, एच-फोर व्हिसावर, आणि प्रत्येकाचे आईवडील उन्हाळ्यात व्हिजिटर व्हिसावर. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंसुद्धा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. १९९८ पासून. आणि रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली, तरी ते ‘जवळ बाळगणं’च. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्या तरी राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. टेक्सासमध्ये रहिवाशाला ते २५ डॉलरला मिळतं, पण ३१ ऑगस्टला संपतं. लोक एकदा काढतात आणि विसरून जातात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

क्रिकेट भाऊ: मग रेंजवाल्याने विचारलं कसं नाही?

कोपऱ्यावरचा दादा: विचारलं होतं. टॅबलेटवर. मी भराभर खाली खाली सरकवत दोघांच्या सह्या ठोकल्या. बाबांनी काय लिहिलंय तेही वाचलं नाही, मी सांगितलं म्हणून बोट फिरवलं. आता पोटात गोळा आलाय. ग्रीन कार्डासाठीचं माझं आय-१४० नुकतंच झालंय.

जुळ्यांची आई: दादा, ग्रुपवर अजून काही लिहू नकोस. वकिलाशी बोल. ग्रुपवरचे आम्ही सगळे वकील नाही आहोत, काका धरून.

१४ नंबर काका: मान्य. शंभर टक्के.

क्रिकेट भाऊ: समजा एखाद्याला नसेल घेता येत, तर मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन द्यायची. पैसे ह्याचे, नाव त्याचं. त्याला काय

(हा संदेश हटवला)

१४ नंबर काका: हटवलास ते बरं केलंस, पण मी वाचलंय. फॉर्मवर पहिल्याच प्रश्नांत आहे, खरा घेणारा तूच का? खोटं ‘हो’ लिहिलं की तो वेगळा गुन्हा. २०२२ च्या कायद्याने अशा परभारे खरेदीला १५ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं वेगळं, पण तेही ज्याला बाळगता येते त्यालाच.

ॲडमिन: आता जरा वहिनींकडे वळूया का? वहिनी, गेला होतात ना सकाळी?

नाईट शिफ्ट वहिनी: गेले होते. काका सोबत होते. ताई, तुझ्या त्या साठीच्या बाईच भेटल्या, देव त्यांचं भलं करो. दीड तास दिला त्यांनी मला. घेण्याआधी तीन वेगवेगळ्या चालवून बघायला लावल्या. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. तरी पहिल्या आवाजाला खांदे कानाला टेकले. नऊ वर्षं इमर्जन्सीमध्ये काढली, मला वाटायचं आपण दचकत नाही.

झुंबा ताई: आणि मग? घेतलीस?

नाईट शिफ्ट वहिनी: निवडली. फॉर्म भरला. ग्रीन कार्डवर आहे म्हणून इमिग्रेशनचा ए-नंबर पण लिहिला. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक असतो, तोही दिला, नावाचा गोंधळ नको म्हणून. त्यांनी माझं रेकॉर्ड तपासायला एफबीआयच्या सिस्टिमला विचारलं आणि उत्तर आलं ‘डिले’, म्हणजे थांबा. काकांचं म्हणे काही विचारतच नाहीत, त्यांच्याकडे एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगून फिरायचं लायसन्स आहे.

१४ नंबर काका: फॉर्म मलाही भरावा लागतो. कॅरी लायसन्स असलं की टेक्सासमध्ये फक्त तो चेक वेगळा करत नाहीत. २०२१ पासून इथे लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगून फिरता येतं, तरी मी सगळ्यांना एलटीसी काढायला सांगतो. ४० डॉलर फी, लेखी परीक्षा आणि निशाणा. निदान कुठे न्यायची नाही ते तरी कळतं. वहिनी, डिलेला घाबरू नकोस. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनकडेही चौकशी होते, त्यात वेळ जातो.

नाईट शिफ्ट वहिनी: त्या बाई पण तेच म्हणाल्या. कामाचे तीन दिवस म्हणजे सोम, मंगळ, बुध. तोवर उत्तर आलं नाही तर कायद्याने गुरुवारी देता येते, पण आमचं दुकान उत्तर आल्याशिवाय देत नाही, पटत नसेल तर डिपॉझिट परत. मला ते आवडलं, खरं सांगते.

काका, हॉस्पिटलमध्ये नेता येईल का मग?

१४ नंबर काका: एलटीसी नसेल तर हॉस्पिटलच्या लेखी परवानगीशिवाय नाहीच. एलटीसी असलं तरी दारावर ‘पिस्तूल आत आणू नका’ सांगणाऱ्या ३०.०६ आणि ३०.०७ च्या पाट्या असतील तर नाही. आणि नोकरीचे नियम वेगळे. गाडीत कुलपात ठेवावी लागेल बहुतेक. म्हणजे पार्किंगपर्यंतचं तुझं ते चालणं आहे तसंच राहिलं.

नाईट शिफ्ट वहिनी: हं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

जुळ्यांची आई: सिक्युरिटीवाल्याला गाडीपर्यंत सोडायला सांगता येतं का बघ. आमच्या इथे सांगितलं की येतात.

आणि वहिनी, रागावू नकोस. मी शाळेत काउन्सेलर आहे, म्हणून विचारते. दुकानात तुला चोराबद्दल सांगितलं असेल. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं का कोणी?

नाईट शिफ्ट वहिनी: एक केबलचं कुलूप देणार म्हणाल्या. खोक्यात येतंच.

जुळ्यांची आई: द्यावंच लागतं, पिस्तुलाबरोबर कायदाच आहे तसा. पण ते कुलूप बऱ्याच घरांत खोक्यातच राहतं. २०२१ मध्ये ह्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त, आणि त्यावर कोणी बोलत नाही. माझ्यासमोर येऊन बसतात ना ती मुलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना बाबांच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते पक्कं माहीत असतं. वाईट वेळ बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांची असते ग. तेवढ्यात हाताशी काय आहे, त्यावर सगळं असतं. जीव द्यावासा वाटला तर फोन करायचा ९८८ नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे, बंदूक घे नाहीतर नको घेऊस.

(ह्यानंतर चाळीस मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. असं आमच्याकडे फक्त वर्ल्ड कपच्या फायनलला होतं.)

१४ नंबर काका: ती बरोबर बोलतेय. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. पण कायद्याचं राहू दे. माझी मुलगी सातवीत असताना तिने तिजोरीचा नंबर ओळखला होता. तिची जन्मतारीख होती. मला किती चतुर वाटलं होतं ते.

झुंबा ताई: बापरे काका.

१४ नंबर काका: आता बायकोलाही सांगत नाही.

रविवार

क्रिकेट भाऊ: रेंजवरून आल्यावर हात धुवायला सांगतात ते कशासाठी? गरम पाण्याने नको म्हणाले.

नाईट शिफ्ट वहिनी: शिसं. धुरात असतं, हातावर, कपड्यांवर बसतं. थंड पाणी आणि साबण. कपडे बदलल्याशिवाय लहान मुलांना उचलायचं नाही. हे मात्र मी नर्स म्हणून सांगतेय.

बुधवार

कोपऱ्यावरचा दादा: वकिलाशी बोललो. इथे लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. बाबा विचारतायत, तो फोटो त्यांच्या भावाला पाठवू का. मोबाईल काढून घेतलाय त्यांचा.

गुरुवार

नाईट शिफ्ट वहिनी: दुकानातून फोन आला. ‘प्रोसीड’, म्हणजे आता देता येते.

झुंबा ताई: मग? आज आणणार?

नाईट शिफ्ट वहिनी: नाही. फॉर्म तीस दिवस चालतो म्हणे, घाई नाही. सिक्युरिटीवाल्यांशी बोलले, कालपासून एक जण गाडीपर्यंत येतोय. गप्पिष्ट आहे, दहा मिनिटं जास्त लागतात. घ्यायची की नाही ते अजून ठरत नाहीये. पण घेतलीच तर तिजोरी आधी. बोटाच्या ठशावर उघडणारी मागवली होती ती काल आली, बेडरूमच्या कपाटात भिंतीला बोल्टने बसवायची आहे. मोकळी ठेवली तर अख्खी उचलून नेतील. नवीन घर, भिंतीत लाकडी खांब कुठे आहेत कळत नाही. कोणाकडे ड्रिल आणि स्टड फाइंडर आहे का?

क्रिकेट भाऊ: दोन्ही आहे. संध्याकाळी येतो.

१४ नंबर काका: त्याचं ड्रिल माझं आहे. दिवाळीत कंदील लावायला नेलं होतं.