यलोस्टोनचे गीझर: फोटोसाठी थांबायचं तरी किती?

डेन्व्हरवासी:
(बाथरूमच्या गीझरसाठी आलेल्यांनी मागे फिरावे, इथले गीझर म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे झरे.) सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन पुन्हा अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कला जातोय. गेल्या वेळी ग्रँड गीझरसमोर दीड तास बसलो. बाबा कंटाळले म्हणून उठलो, शंभर पावलं गेलो असू, तोच मागे आरडाओरडा. वळून बघतो तर पाणी आभाळात आणि माझ्या लेन्सवर झाकण! ओल्ड फेथफुल गीझर मिळाला, पण पांढऱ्या ढगावर पांढरी वाफ, फोटोत काही कळत नाही. आई म्हणते, "आपली वज्रेश्वरीची कुंडं बरी, कधीही जा, पाणी गरमच." यंदा जमायलाच हवं. काय करू?

जुना ट्रायपॉड:
घड्याळ सोडा, पाणी बघा. ग्रँडचा अंदाज पार्कवाले देतात, पण त्यात तासभर इकडेतिकडे धरूनच चालायचं. खरी खूण शेजारच्या टर्बन गीझरची. तो साधारण वीस मिनिटांनी उसळतो आणि ग्रँड त्याच सुमारास उठतो. त्याआधी ग्रँडचं डबकं काठोकाठ भरतं, काठावर बारीक लाटा येतात. लाटा दिसल्या की बोट शटरवर. टर्बन उठला आणि ग्रँड नाही, तर पुढची पंधरा मिनिटं तुमची. डबा तेव्हा उघडा.

आणि हे लिहून ठेवा: पहिली उसळी थांबली की निम्मे लोक टाळ्या वाजवून निघतात. तुम्ही हलू नका. कधीकधी मिनिटभरात डबकं पुन्हा भरतं आणि दुसरी उसळी येते, पुष्कळदा पहिलीपेक्षा उंच, २०० फुटांपर्यंत. मी दोनदा त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो.

पांढऱ्यावर पांढऱ्याला इलाज एकच: मागे निळं आकाश किंवा काळपट झाडी येईल अशी जागा धरा. सकाळच्या थंडीत वाफच इतकी दाटते की पाणी दिसत नाही. जरा ऊन चढू द्या. थेंब गोठवायला १/१००० सेकंदापेक्षा वेगवान शटर. कॅमेरा उभा धरा.

वांगीभात:
वारा तुमच्याकडे येत असेल तर जागा बदला. तुषारांत सिलिका असते, लेन्सवर वाळली की पांढरे डाग निघता निघत नाहीत. माझा फिल्टर त्यातच गेला. ओला असतानाच पुसा.

आई-बाबांसाठी रिव्हरसाइड गीझर! फायरहोल नदीवर तिरपी कमान टाकतो, वीसेक मिनिटं चालतो, दुपारी ऊन पाठीशी असेल तर इंद्रधनुष्य. पाणी काठावरून वाहायला लागलं की तास-दोन तासांत उसळतोच, त्यामुळे वाट बघणं सोपं जातं.

डेन्व्हरवासी:
आणि स्टीमबोट? ३०० फुटांचा म्हणतात.

जुना ट्रायपॉड:
बोला नवस! २०१८ला जागा झाला, २०१९ आणि २०२० मध्ये प्रत्येकी ४८ वेळा उसळला, पुढे मंदावला. त्याच्यासाठी सुट्टी टाकू नका. त्यापेक्षा बीहाइव्ह गीझरवर नजर ठेवा, ओल्ड फेथफुलच्या समोरच आहे. त्याच्याजवळचं छोटं भोक, त्याला इंडिकेटरच म्हणतात, फुरफुरू लागलं की बहुतेक वेळा दहा-वीस मिनिटांत मोठा उसळतो. तेवढ्यात धावत पोचता येतं. धावत म्हणजे लाकडी वाटेवरूनच, खाली पाय टाकायचा नाही, जमिनीचं कवच पातळ असतं. ड्रोनलाही पार्कात बंदी आहे.

डेन्व्हरवासी:
आलो जाऊन. टर्बनच्या तिसऱ्या फेरीला ग्रँड उठला. पहिल्या उसळीत धडाधड फोटो काढले. लोक निघाले, आम्ही बसलो, दुसरी आली आणि माझं कार्ड भरलं. आईने मोबाइलवर घेतलाय, डाव्या कोपऱ्यात बाबांचं बोट. फॅमिली ग्रुपवर तोच फिरतोय, खाली मावशीची कॉमेंट: "वज्रेश्वरीला कधी झालं हे?"