रॅयॉन तिकीट असलेले १८५१ चे पत्र: तिकीट सोडवावे की पत्रासह ठेवावे?

प्रश्न

आजोबांच्या संग्रहात मला स्वित्झर्लंडमधील एक घडीचे पत्र मिळाले आहे. बाझेलहून झुरिकला गेलेल्या या पत्रावर १८५१ सालचा गावाचा शिक्का असून पिवळ्या रंगाचे, १० रॅपेनचे (रॅपेन हे स्विस नाणे) 'रॅयॉन २' तिकीट (रॅयॉन म्हणजे टपालदरासाठी धरलेले अंतराचे वर्तुळ) चिकटवलेले आहे. तिकिटावर जाळीसारखा काळा शिक्का आहे. तिकिटाच्या तीन बाजूंचा समास चांगला आहे, मात्र उजव्या बाजूला कात्री चौकटीला लागलेली दिसते. संग्रहाच्या वहीत बाकीची तिकिटे सुटी असल्यामुळे हेही पाण्यात भिजवून सोडवावे, असा सल्ला एका परिचितांनी दिला. असे करणे योग्य ठरेल का? आणि सुरुवातीची स्विस तिकिटे इतकी दुर्मिळ मानली जात असताना या पत्राचे मूल्य साधारण कसे ठरवतात?

पहिले उत्तर

कृपया तिकीट सोडवू नका. एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी नेमके हेच केले, आणि म्हणूनच आज त्या काळातील अखंड पत्रांना वेगळे मोल आहे.

दुर्मिळतेविषयी थोडा क्रम लावून सांगतो. झुरिक कॅन्टनने (कॅन्टन म्हणजे स्वित्झर्लंडमधील राज्य) १ मार्च १८४३ रोजी ४ आणि ६ रॅपेनची तिकिटे काढली. ४ रॅपेनचे तिकीट शहरांतर्गत पत्रांसाठी आणि ६ रॅपेनचे उर्वरित कॅन्टनसाठी होते, आणि दोहोंपैकी ४ रॅपेनचे कितीतरी अधिक दुर्मिळ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाचे जोडतिकीट आले. त्याचा प्रत्येक अर्धा भाग ५ सेंटाईमचा (सेंटाईम हे तेथील नाणे) असून तो शहरातील पत्राला पुरत असे, तर अखंड जोडी कॅन्टनभर चाले. साहजिकच लोक ती जोडी कापून वापरत, त्यामुळे अखंड जोडी असलेले पत्र समोर आले की लिलावात चुरस लागते. १८४५ चे बाझेलचे कबुतर, म्हणजे मेल्कियोर बेरी यांनी रेखाटलेले तीन रंगांतील उठावदार तिकीट, तेही याच पंक्तीतील आहे. या सर्वांच्या पत्रांना जी किंमत येते, तिची अपेक्षा रॅयॉन तिकिटाकडून ठेवता येणार नाही, कारण १८४९ मध्ये संघराज्याने टपालसेवा हाती घेतल्यानंतर १८५० पासून निघालेली ही तिकिटे देशभर वापरली गेली आणि व्यापारी पेढ्यांच्या दप्तरांतून त्यांची पत्रे बऱ्यापैकी संख्येने टिकून राहिली.

तरीही आपले पत्र मला मनापासून आवडले, कारण त्यातील सगळे धागे जुळतात. त्या वेळी टपालाचा दर अंतराच्या वर्तुळांवर ठरत असे. पायी चालण्याचा एक तास, म्हणजे ४.८ किलोमीटर, हे माप धरून पहिले वर्तुळ दहा तासांपर्यंत आणि दुसरे दहापासून पंचवीस तासांपर्यंत होते. बाझेल ते झुरिक हे अंतर दुसऱ्या वर्तुळात बसते, म्हणून १० रॅपेन हाच योग्य दर. ही संगती तिकीट सोडवल्याबरोबर नाहीशी होईल, आणि हाती उरेल ते एका बाजूने कापलेले सामान्य प्रतीचे सुटे तिकीट.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त अस्सलपणाचा मुद्दा जोडतो, कारण किंमत शेवटी त्यावरच टेकते. आपण वर्णन केलेला जाळीचा शिक्का संघराज्याच्या टपालखात्याचा आहे आणि त्यात गावाचे नाव किंवा तारीख नसते. ती माहिती देणारा शिक्का पत्रावर वेगळा मारलेला असतो. त्यामुळे तिकीट नसलेल्या एखाद्या खऱ्या जुन्या पत्रावर दुसरीकडचे तिकीट चिकटवून वर जाळी उमटवणे फसवणाऱ्याला फारसे अवघड जात नाही, आणि त्या काळी टपालखर्च पत्र घेणाऱ्यानेही भरण्याची पद्धत असल्याने अशी बिनतिकिटाची पत्रे भरपूर उपलब्ध आहेत. म्हणून जाळीच्या रेषा तिकिटावरून पत्राच्या कागदावर अखंड उतरल्या आहेत का, हे भिंगाखाली पाहावे. टपालखर्च पत्र घेणाऱ्याकडून वसूल करण्यासाठी लिहिलेला आकडा पत्राच्या दर्शनी बाजूवर असेल, तर तेथे तिकीट मुळात असण्याचे कारणच नाही. काही तिकिटे लेखणीने रद्द केलेली असतात; त्यांवरील शाईचे फटकारे पुसून त्यांवर नवा शिक्का उमटवलेला असतो, तेव्हा पिवळा रंग कोठे फिका पडला आहे का, हेही तपासा.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. जाळीचे दोन कोपरे पत्राच्या कागदावर स्पष्ट उतरले आहेत, आणि मागील बाजूस झुरिकला पोहोचल्याचा शिक्काही आहे. दर्शनी बाजूवर कोणताही आकडा लिहिलेला नाही. त्सुमश्टाइन या स्विस तिकिटांच्या किंमतसूचीत दिलेली पत्रावरची किंमत मला मिळेल, असे समजावे का?

तिसरे उत्तर

नाही. सूचीतील आकडा निर्दोष प्रतीसाठी असतो, आणि प्रत्यक्ष लिलावात सामान्य रॅयॉन पत्रे त्याच्या बऱ्याच खाली जातात. उजवी कड कापलेली असल्याने आपल्या पत्राला आणखी कमी मिळेल. याउलट, एरवी साध्या दिसणाऱ्या पत्रावर वेगळा संयोग असेल तर भाव एकदम चढतो. उदाहरणार्थ, रॅयॉन तिकिटे ३० सप्टेंबर १८५४ पर्यंतच वैध होती आणि बसलेल्या हेल्वेशियाचे (स्वित्झर्लंडचे स्त्रीरूप प्रतीक) चित्र असलेली नवी तिकिटे त्याच महिन्यात आली, म्हणून दोन्ही एकत्र असलेली पत्रे फारच थोडी आहेत. आणखी एक गोष्ट अवश्य करा. रॅयॉनची छपाई दगडी छपाईने झाली आणि दगडावर किंचित वेगळे असे चाळीस प्रकार होते, आणि आपले तिकीट कोणत्या प्रकाराचे आहे हे बारीक रेषांवरून ओळखता येते. ते ठरवून घ्या आणि विकायचेच असेल तर स्विस तिकिटांच्या मान्य परीक्षकाकडून प्रमाणपत्र घ्या; प्रमाणपत्राचा खर्च आणि अपेक्षित किंमत यांचा हिशेब मात्र आधी मांडा, कारण या प्रतीच्या पत्राला तो खर्च भारी पडू शकतो. तोपर्यंत पत्र आम्लरहित पारदर्शक पाकिटात, घडी न बदलता ठेवावे.