आईच्या वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्याची छोटी पुस्तिका काढायची आहे

मंगळवारपेठकर
आईचं वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलंय. शेवटची ६ वर्षं स्मृतिभ्रंश होता, त्यामुळं नातवंडांना आजी आठवते ती नावं विसरलेलीच. तिचं आधीचं सगळं आयुष्य त्यांच्या हातात द्यायचं आहे. फोटो जुन्या अल्बमच्या चिकट पानांना घट्ट बसलेत, साल कुणालाच सांगता येत नाही. आणि आजारपणात ती जे बोलायची, त्यातलं किती खरं धरायचं?

जुना_पेटारा
फोटो नखानं उचलू नका. दात साफ करायचा दोरा कोपऱ्यातून फोटोखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू मागंपुढं न्या. तरीही निघेना तर पानासकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला तर अजिबात ओढायचा नाही, चित्राचा थर काचेवरच राहतो. काचेतूनच स्कॅन करा. पोस्टकार्डाएवढ्याला ६०० डीपीआय (स्कॅनरमधलं बारकाईचं माप) पुरतं, पासपोर्टएवढ्याला १२०० ठेवा. मागची बाजूही घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलनं. बॉलपेनचा दाब पुढं चेहऱ्यावर उमटतो.

उत्तरेश्वरकर
शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा मास्तरांनी घातलेली तारीख. म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं की ती गप्प होतात. त्यापेक्षा फोटो हातात द्या आणि विचारा, हे कोयनेच्या भूकंपाआधीचं की नंतरचं? (भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा.) ७२ च्या दुष्काळात थोरला केवढा होता? मावशी आणि आत्तीला वेगवेगळं गाठा. एकत्र बसल्या की थोरली सांगते, धाकटी नुसती मान हलवते. पंखा बंद करून मोबाईलवर रेकॉर्ड करा.

आजारपणातलं बोलणं टाकून देऊ नका. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात मेंदूचा जो भाग नव्या आठवणी पक्क्या करतो, तो हिप्पोकॅम्पस लवकर बिघडतो. म्हणून सकाळची न्याहारी आठवत नाही आणि माहेरचा आड आठवतो. फक्त दोन प्रसंग एकात मिसळतात, भावाच्या जागी मुलगा येतो, रिकामी जागा मेंदू आपोआप भरतो. ते खोटं बोलणं नव्हे. प्रसंग ठेवा, नावं दुसऱ्याकडून ताडून घ्या. जुळलं नाही तर ‘आई असं सांगायची’ एवढंच लिहा.

राजारामपुरीची_वैनी
चटणीचं एक पान हवंच! ‘मूठभर’, ‘अंदाजानं’ असं लिहिलं तर पुढच्या पिढीला जमणार नाही. आईची वाटी शोधा. तिच्यात धने भरा, वजनकाट्यावर ठेवा. मग तीळ, मग किसलेलं खोबरं. वाटी तीच, पण प्रत्येकाचं वजन वेगळं भरतं. ब्याडगी मिरची किती, संकेश्वरी किती, हे आत्तीला विचारा. कांदा किती भाजायचा तेही लिहा. त्यात ओल राहिली तर चटणीला बुरशी धरते.

छपाईचं थोडक्यात: मध्ये पिना मारायच्या तर पानं ४ च्या पटीत. प्रेसला फॉन्टसकट पीडीएफ द्या, नाही तर जोडाक्षरं फुटतात. कागदावरचं प्रूफ घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

मंगळवारपेठकर
सगळ्यांचे आभार. ३२ पानं धरतोय. आजाराला किती द्यावीत? संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणायची, ते घालावं का?

उत्तरेश्वरकर
दोन पानं. त्या काळातले फोटो नकोत, छापू का असं तिला विचारता येत नव्हतं. ते वाक्य मात्र घाला, तिच्याच शब्दांत. ‘घर’ म्हणजे बऱ्याचदा लहानपणीचं घर असतं. त्याचा फोटो नसेल तर मावशीकडून कागदावर आखून घ्या: दार, सोपा, चूल कुठल्या भिंतीला, परड्यात काय होतं. तो नकाशा त्या वाक्याच्या समोरच्या पानावर छापा.